१५ ते १९ वयाची मुलं घेऊन परदेशी क्रूझ : बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी

कमाटीबाग (धागाकर्ता)

लहान मुलांना घेऊन क्रूझला कसं जावं यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. घरात १५ ते १९ वयाचं कुणी असेल तर त्यातलं निम्मं कामाला येत नाही. या वयात मूल अर्धं मोठं, अर्धं लहान असतं, आणि जहाज कंपनी, पासपोर्ट कार्यालय, दूतावास आणि जहाजावरचा बार हे चौघंही ‘मोठं’ कधी व्हायचं ते आपापल्या हिशेबाने ठरवतात. म्हणून जहाज आणि दर बघायच्या आधी एक काम करा. कागदावर प्रत्येकाची जन्मतारीख लिहा आणि शेजारी जहाज सुटण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं वय लिहा. बुकिंगच्या दिवशीचं वय कुणी विचारत नाही.

आता जहाज कंपन्यांचे किशोरवयीन मुलांसाठीचे क्लब, म्हणजे टीन क्लब, कुठल्या वयाला असतात ते बघा. एमएससीच्या जहाजांवर १२ ते १४ आणि १५ ते १७ असे दोन वेगळे क्लब असतात. नॉर्वेजियनचा क्लब १३ ते १७ असा एकच. डिस्नेवर १४ ते १७ एक गट, आणि १८ ते २० वाल्यांसाठी वेगळे कार्यक्रम. रॉयल कॅरिबियनवरही टीन्सचा विभाग १७ ला संपतो. म्हणजे १४ आणि १६ वर्षांची भावंडं एका कंपनीत दिवसभर एकत्र राहतील, तर दुसरीत वेगवेगळ्या दारांतून आत जातील. कुणाला एकत्र हवं असतं, कुणाला नेमकं उलट. हे मुलांनाच विचारा.

१६ ला आणखी एक दार उघडतं. रॉयल कॅरिबियनच्या जिममध्ये आणि सोलॅरियम नावाच्या शांत पोहण्याच्या भागात १६ पूर्ण झालेल्यांना प्रवेश असतो. रोज व्यायाम करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यात अवघड वय १८. टीन क्लबमधून बाहेर आणि अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजावर बारमधूनही बाहेर, कारण तिथे दारूचं वय २१ आहे. आशिया आणि युरोपातून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर ते १८ आहे. मुलगी जूनमध्ये १८ ची होणार असेल आणि मे आणि जून दोन्ही मोकळे असतील, तर मेमधलं जहाज घ्या. क्लब मिळतो, ओळखी होतात. १८ झालेलीच असेल तर क्लबचा विचार सोडा आणि जहाजावर करण्यासारखं काय आहे ते बघून निवडा : सर्फिंगचा फ्लोरायडर, चढाईची भिंत, बर्फावरचं स्केटिंग, रात्रीचे प्रयोग. मोठं जहाज लागेल. छोट्या, निवांत, आजी-आजोबांना आवडणाऱ्या जहाजावर अठरा वर्षांचं मूल तिसऱ्या दिवशी कंटाळतं.

बाकीचं जाणकारांनी भर घालावी : कागदपत्रं, केबिन, खाणं, फोन.

रावपुरा_रोड

पासपोर्टचं मी सांगतो, कारण या वयोगटात सगळ्यात जास्त सहली तिथेच अडकतात.

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ व्या वाढदिवसापर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढाच असतो. १५ पूर्ण झालं की पर्याय मिळतो : १८ पर्यंतचाच घ्या किंवा पूर्ण दहा वर्षांचा घ्या. पहिल्याची फी १००० रुपये, दहा वर्षांच्या ३६ पानी पुस्तिकेची १५००. पाचशे वाचवायला बरेच पालक पहिला घेतात आणि मग गाठ पडते सहा महिन्यांच्या नियमाशी. सिंगापूर, मलेशिया, थायलंड आणि बहुतेक जहाज कंपन्या पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. पासपोर्ट १८ व्या वाढदिवसाला संपणार असेल तर साडेसतरा वर्षांनंतर तो हातात असूनही उपयोगाचा राहत नाही. चेक-इनच्या काउंटरवर हे कळलं तर पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून १५ नंतर नूतनीकरण करताना फॉर्ममध्ये दहा वर्षांचाच पर्याय निवडा. फॉर्म भरणारे एजंट सवयीने दुसरा निवडतात, ती टिक स्वतः बघा. अल्पवयीन असेपर्यंत आई-वडील दोघांच्या सहीचं अॅनेक्शर डी, म्हणजे पालकांचं घोषणापत्र, लागतं. सेवा केंद्र बडोद्यातच आहे. तत्काळला २००० रुपये वर लागतात, पण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून घ्या.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टमध्ये ‘दिलेलं नाव’ या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव मिळून छापलेलं असतं. क्रूझ आणि विमान दोन्हीची बुकिंगं पासपोर्टवर आहे तशीच, वडिलांच्या नावासकट करा. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असं झालं की बोर्डिंगला प्रश्न येतो. दुबईहून सुटणारी क्रूझ घेणार असाल तर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, तेही बघा. एकाच शब्दाच्या नावावर यूएई प्रवेश देत नाही.

आई-वडिलांपैकी एकच जात असेल, किंवा मुलं मामा-आत्याबरोबर जात असतील, तर न जाणाऱ्या पालकाचं संमतिपत्र नोटरी करून न्या. १८ च्या आतल्या प्रत्येकासाठी स्वतंत्र पत्र, त्यात जहाजाचं नाव, तारखा, बरोबर जाणाऱ्याचा पासपोर्ट क्रमांक आणि तातडीच्या वैद्यकीय उपचारांना संमती, एवढं हवंच.

मांजलपूर_कॉर्नर

उत्तम धागा. एक नेमका प्रश्न. चौघांचं कुटुंब, मुलगी १८, मुलगा १६, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्री. एक चार जणांची केबिन घ्यावी की दोन केबिनी? एजंट एकच घ्या म्हणतोय.

डेक_नऊ

दोन. या वयाला चार जणांची केबिन मी कुणालाही सुचवणार नाही, पण हिशेब पूर्ण मांडतो.

साधी आतली केबिन १५०-१८० चौरस फुटांची असते, बाथरूम धरून. चार जणांच्या केबिनमध्ये दोन खाटा खाली आणि दोन भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या. वरच्या खाटेवर पाच फूट दहा इंचांचा मुलगा झोपतो खरा, पण उठून बसू शकत नाही. खाटा उघड्या असल्या की चालायला वाट राहत नाही. बाथरूम एक, आणि संध्याकाळच्या जेवणाआधी अठरा वर्षांच्या मुलीला तयार व्हायला लागणारा वेळ घरात सगळ्यांना माहीत असतो.

एजंट एकच का म्हणतो? कारण तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचा दर कमी असतो, कधी ‘मुलं मोफत’ अशी जाहिरातही असते. त्या मोफतमध्ये बंदर कर आणि सेवाशुल्क धरलेलं नसतं, ते पूर्ण भरावं लागतं. दोन केबिनी घेतल्या की चौघंही पहिले-दुसरे प्रवासी ठरतात आणि ती सवलत जाते. तरी तुलना नीट करा : चौघांची एक बाल्कनी केबिन एकीकडे, दोन आतल्या केबिनी दुसरीकडे. फरक बऱ्याचदा वाटतो त्याहून कमी निघतो. दोन्ही दर सेवाशुल्क आणि कर धरून लेखी मागा.

मधला मार्ग असा : आई-वडिलांना बाल्कनी आणि बरोबर समोरच्या दारात मुलांची आतली केबिन. बाल्कनी चौघं वापरतात, झोपायला दोन खोल्या. आतल्या केबिनमध्ये खिडकी नाही, त्यामुळे मुलं दुपारी बारापर्यंत झोपतील. त्यात त्यांचा आनंद आहे.

आता नियम. रॉयल कॅरिबियनच्या आशिया-युरोपातल्या जहाजांवर केबिनमध्ये एक जण १८ पूर्ण असावा लागतो, अमेरिकेतून सुटणाऱ्यांवर २१. मुलगी जहाज सुटताना १८ पूर्ण असेल तर सिंगापूरहून भाऊ-बहिणीची केबिन नियमातच बसते. आई-वडिलांची केबिन शेजारी असेल तर २१ च्या नियमालाही सवलत मिळते. जिथे नियम आड येतो तिथे कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक पालक आणि एक मूल असं बुकिंग करतात. जहाजावर गेल्यावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जास्तीच्या चाव्या मागायच्या, त्या देतात. मग कुणी कुठे झोपायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ‘जोडलेल्या’ म्हणजे आतून दार असलेल्या केबिनी थोड्याच असतात आणि लवकर संपतात.

चार जणांच्या केबिनीही लवकर संपतात, त्याचं कारण लाइफबोटींची क्षमता. प्रत्येक भागात ठराविकच माणसं ठेवता येतात, त्यामुळे रिकाम्या केबिनी दिसत असूनही तिसरा-चौथा प्रवासी घेत नाहीत. दिवाळीचं जहाज हवं असेल तर सहा-आठ महिने आधी बुक करा.

ओएनजीसी_पाठीमागे

दिवाळी आणि सिंगापूर ही जोडी चांगली आहे, फक्त मार्ग बघून घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी तिकडे ईशान्य मोसमी वारे असतात. दक्षिण चीन समुद्र खवळतो, तेव्हा व्हिएतनामकडे जाणारं जहाज हलतं. पेनांग-फुकेतकडे जाणारं जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं. तिला सुमात्रा बेटाचा आडोसा आहे, पाणी शांत. मे ते ऑक्टोबर गणित उलटं : फुकेतच्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी लाटा येतात. तिथे जहाज अनेकदा लांब नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाट मोठी असेल तर तो थांबाच रद्द होतो. कुठलंही बंदर रद्द करण्याचा अधिकार कप्तानाला असतो, आणि तुम्हाला परत मिळतो तो फक्त बंदर कराचा भाग.

बारावीवाल्यांनी तारखा आणखी जपून घ्याव्यात. जेईई मेनचं दुसरं सत्र एप्रिलमध्ये, नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी, अॅडव्हान्स्ड त्यानंतर, आणि जूनमध्ये समुपदेशनाच्या फेऱ्या. गुजरातच्या एसीपीसीची (व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश समितीची) प्रवेशप्रक्रियाही त्याच सुमाराला. फेरीत जागा स्वीकारायची मुदत दोन-तीन दिवसांची असते. ती समुद्रात असताना आली तर वाय-फाय असूनही हात बांधले जातात, कारण ओटीपी भारतीय सिमवर एसएमएसने येतो आणि समुद्रात तुमच्या सिमला जमिनीवरचा टॉवरच नसतो. नीट झाल्यावर आणि समुपदेशन सुरू होण्याआधी, म्हणजे मेच्या मध्यापासून शेवटपर्यंतची खिडकी मोकळी. जेईईवाल्यांना तीही नाही, त्यांनी अकरावीची दिवाळी गाठावी. अकरावीची दिवाळी हा खरं तर सगळ्यांसाठीच सर्वांत चांगला काळ : दहावी मागे पडलेली, बारावी अजून आलेली नाही.

रावपुरा_रोड

व्हिसाबद्दल. सिंगापूरचा ई-व्हिसा अधिकृत एजंटमार्फत होतो, सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटचं वेगळं. क्रूझवाल्यांनी एकच गोष्ट तपासायची : व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का? जहाज पेनांगला जाऊन परत आलं की तो सिंगापूरमध्ये दुसरा प्रवेश धरला जातो. बहुधा अनेक प्रवेशांचाच मिळतो, पण छापलेलं वाचा. शिवाय सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट समजा. विमानाने पोचताना एकदा आणि क्रूझवरून परतताना पुन्हा, असं दोनदा भरा. मलेशिया आणि थायलंडचीही अशीच डिजिटल कार्डं आहेत. थायलंडचं १ मे २०२५ पासून सुरू झालं. या दोन्ही देशांच्या भारतीयांसाठीच्या व्हिसा-सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात, तेव्हा बुकिंग करताना आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असं दोन्ही वेळा दूतावासाच्या पानावर बघा. मार्गातल्या एका देशाचा व्हिसा नसेल तर ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे चालत नाही, जहाजावरच घेत नाहीत.

भूमध्य समुद्राच्या क्रूझला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश, त्याच्याकडे. अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. शुल्क ९० युरो. निम्म्या शुल्काची सवलत ६ ते ११ वयाच्या मुलांना, आपल्या गटाला नाही. १२ च्या पुढे बोटांचे ठसे लागतात, म्हणजे मुलांना स्वतः अहमदाबादच्या केंद्रावर यावं लागतं. शाळा-क्लासचा एक दिवस त्यात धरा. १८ च्या आत दोन्ही पालकांच्या सह्या. १८ पूर्ण झालं की अर्ज त्याचा स्वतःचा, त्याला कॉलेजचं बोनाफाइड आणि वडिलांचं किंवा आईचं खर्च उचलण्याचं पत्र जोडा. विमा किमान ३०,००० युरोंचा. तुर्कस्तान शेंगेनबाहेर आहे, तो मार्गात असेल तर व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा.

डेक_नऊ

शेंगेनवाल्यांसाठी एक पुरवणी. क्रूझच्या पत्रिकेत ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेकियाला, रोमपासून सत्तरेक किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. आशियात ‘बँकॉक’ म्हणजे लेम चाबांग, ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग. मुलांनी मनात शहर धरलेलं असतं आणि दिवसाचे तीन-चार तास बसमध्ये जातात. आधी नकाशा दाखवा आणि प्रत्येक बंदराला एकच गोष्ट ठरवा.

सूरसागर_तळं

फोनबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि या वयाला सगळ्यात मोठं बिल तिथेच होतं.

जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क सुरू होतं. फोनचं रोमिंग चालू असेल तर तो आपोआप त्याला चिकटतो. आपल्या कंपन्यांच्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये जहाजावरचं नेटवर्क सहसा धरलेलं नसतं, त्यामुळे मागे चालणाऱ्या अॅपनी खाल्लेला डेटाही सुट्ट्या दराने लागतो. उपाय एकच : जहाजावर पाय ठेवल्यापासून फ्लाइट मोड, आणि त्यावर वाय-फाय वेगळं चालू करायचं. बंदरात उतरल्यावर फ्लाइट मोड काढायचा, चढताना परत लावायचा. मुलांच्या फोनमध्ये डेटा रोमिंग सेटिंगमधूनच बंद करून ठेवा.

वाय-फाय दर उपकरणामागे, दर दिवशी घेतात. रोजचे १५ ते २५ डॉलर धरा. जहाजाच्या अॅपवर आपापसांत निरोप पाठवता येतात, त्याला इंटरनेट पॅकेज लागत नाही. काही कंपन्या या निरोपांचे थोडे पैसे घेतात. चौघांनी ते अॅप घरूनच उतरवून लॉगिन करून घ्या. एकाच उपकरणाचं पॅकेज घेतलं तर लॉगआउट करून दुसऱ्याने वापरता येतं, म्हणजे एका पॅकेजमध्ये दोन भावंडं आळीपाळीने भागवू शकतात.

आता वेळ. हे नीट वाचा. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, थायलंड एक तास मागे. जहाज बरेचदा सिंगापूरच्या वेळेवरच चालतं. फुकेतला उतरल्यावर फोन टॉवर पकडतो आणि आपोआप तास मागे जातो. जहाजावर परत यायची वेळ पाच सांगितलेली असते, फोन चार दाखवतो आणि मुलांना वाटतं अजून तास आहे. जहाज थांबत नाही. जो मागे राहिला त्याने स्वतःच्या खर्चाने पुढचं बंदर गाठायचं. बरं, आशियातल्या काही क्रूझवर पासपोर्ट जहाजाकडे जमा असतात. उपाय : प्रत्येकाच्या मनगटावर साधं घड्याळ, स्मार्ट नको, जहाजाच्या वेळेला लावलेलं. पासपोर्टची छायाप्रत आणि बंदरातल्या एजंटचा क्रमांक प्रत्येकाच्या खिशात. तो क्रमांक जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो.

मांजलपूर_कॉर्नर

फारच उपयोगी. मुलं दोघंच बंदरावर फिरून आली तर चालतं का? आणि जहाजावर रात्री किती वाजेपर्यंत मोकळं सोडावं?

सूरसागर_तळं

१८ च्या आतल्याला एकट्याने जहाजाबाहेर सोडत नाहीत, दारावर कार्ड वाचल्यावर वय दिसतं. मुलगी १८ ची आहे, पण भावाची जबाबदारी तिच्यावर टाकायची तर आधी गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन तशी नोंद करा. दारात जाऊन वाद घालू नका.

जहाजावर १७ आणि त्याखालच्यांना रात्री एकनंतर मोठ्या माणसाशिवाय सार्वजनिक भागात फिरू देत नाहीत, रॉयल कॅरिबियनचा तसा नियम आहे. घरचा नियम त्याहून थोडा आधीचा ठेवा, पण ठेवा मोकळाच. जहाज बंदिस्त आहे, सगळीकडे कॅमेरे आणि कर्मचारी आहेत. इतकी सुरक्षित मोकळीक या मुलांना बडोद्यात नवरात्र सोडता मिळत नाही. दिवसातून दोन ठरलेल्या वेळा पुरतात : रात्रीचं जेवण एकत्र, आणि झोपायला जाताना आई-बाबांच्या दारावर टकटक. दुसऱ्यांच्या केबिनमध्ये जायचं नाही आणि दुसऱ्यांना आपल्या केबिनमध्ये घ्यायचं नाही, हा एक नियम मात्र पक्का.

अलकापुरी_२१

पैशांचं. प्रत्येकाला मिळणारं कार्ड म्हणजे केबिनची चावी, ओळखपत्र आणि जहाजावरचं उधारखातं. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा लावता येते किंवा उधारी पूर्ण बंद करता येते. चढल्या चढल्या गेस्ट सर्व्हिसेसवर ते करा. न केल्यास व्हिडिओ गेमचा विभाग, कॉफी आणि बाटलीबंद थंड पेयं यांतच मोठी रक्कम होते. साधं पाणी, चहा, जेवणघरातलं जेवण भाड्यात धरलेलं असतं.

सेवाशुल्क वेगळं. अमेरिकन कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर लावतात, मुलांनाही तेवढंच. १८ डॉलर धरले तर चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर. दर तुलना करताना हे न धरणारा एजंट बदला.

खात्याला क्रेडिट कार्ड जोडा आणि बँकेच्या अॅपमध्ये त्याचा परदेशी वापर घरूनच चालू करा, समुद्रात ओटीपी येणार नाही. डेबिट कार्ड जोडू नका. जहाज आगाऊ रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला दिवस लागतात. पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला आयकर) कापला जातो. बिल त्याच्याच पॅनवर घ्या जो रिटर्न भरतो, म्हणजे तो कर वळता होतो.

आणि दारूबद्दल स्पष्ट बोलतो. गुजरातमध्ये वाढलेल्या मुलाला अठराव्या वर्षी पहिल्यांदाच कायदेशीर बार समोर दिसणार. तुमच्या घरात जे ठरायचं ते विमानात बसण्याआधी ठरू द्या, जहाजावर नको. कार्डाची उधारी बंद असली की निम्मा प्रश्न मिटतो. पेयांचं पॅकेज घेण्याचा विचार असेल तर अट वाचा : एका केबिनमधल्या एका मोठ्याने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या इतर मोठ्यांनाही ते घ्यावं लागतं, आणि १८ चं मूल इथे मोठ्यात धरलं जातं.

ई-सिगारेट, व्हेप : सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंदी, जवळ सापडलं तरी गुन्हा. मुलांच्या मित्रांनी दिलेलं काही बॅगेत नाही ना, हे एकदा सरळ विचारा.

खारीवाव

खाण्यावर थोडं. शाकाहारी, जैन, अंड्याशिवाय जे हवं ते बुकिंगमध्येच लिहा, किमान महिना-दीड महिना आधी. मग पहिल्या रात्री जेवणघरातल्या मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. तो दुसऱ्या दिवसाचं आदल्या रात्री विचारून घेतो आणि वेगळं करून देतो.

घरून नेताना सीलबंद कोरडे पदार्थ चालतात, डब्यातले घरगुती पदार्थ चढताना काढून घेऊ शकतात. आणि एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही : खसखस. दुबईत खसखशीवर कडक बंदी आहे आणि सिंगापूरमध्येही तपासणीशिवाय ती नेता येत नाही, कारण तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो. दिवाळीत निघताना फराळाचा डबा हमखास बरोबर असतो. अनारशांवर खसखस, भाकरवडीच्या सारणात खसखस, डिंकाच्या लाडवात खसखस. हे तिन्ही, आणि खसखस पडलेलं इतर काहीही, घरी ठेवा. चिवडा, शेव, खाखरा यांत खसखस नाही ना ते बघा आणि सीलबंद पाकिटातलेच न्या. सिंगापूरला च्युइंगमही नको.

किटली, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, बहुपिन एक्स्टेन्शन हे आगीच्या भीतीने जप्त होतं. केबिनमध्ये एक-दोनच प्लग असतात. यूएसबीची तीन-चार तोंडं असलेला साधा चार्जर चालतो.

डेक_नऊ

चढायचा दिवस. आदल्या दिवशीच सिंगापुरात पोचा. अहमदाबादहून थेट विमान आहे, पण त्याच दिवशीचं जहाज गाठायची जोखीम घेऊ नका. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि संध्याकाळी केबिनच्या दारात येतात. तोवर लागणारं सगळं पाठीवरच्या पिशवीत : पोहायचे कपडे, औषधं, चार्जर, कागदपत्रं.

पहिल्या दोन तासांत मुलांनी तीन कामं करायची. एक, सुरक्षेची कवायत : अॅपवर चित्रफीत बघून आपल्या जमण्याच्या जागी जाऊन कार्ड लावायचं. कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज २०१२ मध्ये बुडालं, त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच पुरी करणं बंधनकारक झालं. दोन, हव्या त्या प्रकारांच्या वेळा राखून ठेवायच्या. आयफ्लाय (हवेच्या झोतावर तरंगण्याचा खेळ) आणि शोच्या जागा पहिल्याच दिवशी संपतात. फ्लोरायडर, चढाई, आयफ्लाय यांना १८ च्या आत पालकाची सही लागते. पालक दुपारी झोपले आणि मुलं रांगेतून परत आली असं नको, सगळ्या सह्या तेव्हाच करून टाका. फ्लोरायडरला झोपून ५२ इंच आणि उभ्याने ५८ इंच उंची लागते. चढाईला मोजे आणि स्केटिंगला मोजे व पूर्ण पँट हवी. जहाजावरच्या दुकानातून मोजे विकत घ्यावे लागणं टाळा.

तीन, टीन क्लबची पहिल्या रात्रीची ओळख-भेट. ती चुकली की पुढे गट पडलेले असतात आणि सोळा वर्षांचं मूल तयार गटात शिरत नाही. जबरदस्ती करू नका, फक्त एक तास जाऊन ये म्हणा.

कमाटीबाग

याच्याशी थोडा असहमत. तीन-चार रात्रींच्या आशियाई क्रूझवर टीन क्लबमध्ये गर्दी कमी असते आणि गट जमेपर्यंत जहाज परत येतं. तिथे चुलत-मावस भावंडं किंवा दोन कुटुंबं मिळून गेलेली बरी. सात रात्रींच्या भूमध्य क्रूझला मात्र डेक_नऊ म्हणतात ते शंभर टक्के लागू.

डेक_नऊ

मान्य. चार रात्रींना सोबत घरूनच न्यावी.

खारीवाव

जहाज लागण्याबद्दल राहिलं. केबिन मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी. टोकाची आणि वरची टाळा. अॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याच्या आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. तिने झोप येते, म्हणून चढाई किंवा सर्फिंगच्या आधी नको. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल थेट तुमच्या खात्यावर पडतं, त्यामुळे विम्यात जहाजावरचे उपचार आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च दोन्ही लिहिलेले आहेत का ते बघा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या सिंगापूरला परवानगीशिवाय नेऊ नका. बाकीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, आणि गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या.